कोबीचं आंबट-गोड आणि व्हिनेगरचं माप

आम्ही मासवणच्या बचत गटाच्या बाया. गटाचं वहीखातं बघणारी म्हणून बोलायला एकजण बसली आहे. पण आज जे सांगणार आहोत ते दहाजणींनी मिळून केलेलं आणि मिळूनच बिघडवलेलं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणूनच बोलू.

विषय कोबीचा आहे. सूर्या नदी आमच्या दाराशी. भात निघाल्यावर ज्यांच्याकडे पाणी आहे ते भाजी लावतात, आणि जानेवारी संपता संपता सगळ्यांचा कोबी एकदम तयार होतो. मग काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. डिसेंबरात जो गड्डा ताठ मानेने विकला जातो, तोच फेब्रुवारीत पालघरला नेला तर रिक्षाचं भाडंसुद्धा सुटत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका वहिनींनी किलोला पाच रुपयांनी कोबी दिला आणि उरलेला गुरांपुढे टाकला. त्या दिवशीच्या बैठकीत हप्त्याचं बोलणं बाजूला राहिलं. या कोबीचं काय करायचं, हाच विषय.

भाजी, भजी, पचडी हे घरचं झालं. पचडी तर लिंबू पिळून केली की सकाळची संध्याकाळी पाणी सोडते. आम्हाला हवं होतं टिकणारं काहीतरी. बोईसरला खोली करून राहणारी कितीतरी मुलं कारखान्यात पाळीवर जातात, पाव-अंडं खाऊन दिवस काढतात. त्यांना जेवणाबरोबर काहीतरी कुरकुरीत, आंबट, तयार असं मिळालं तर ती घेतील, असं एका ताईचं म्हणणं. तिच्या भाच्याने सांगितलं, मावशी, सँडविचवाल्याकडे कोलस्लॉ मिळतं ते करा.

सँडविचवाल्याचं कोलस्लॉ आम्ही आणून खाऊन पाहिलं. ते मेयोनीजमधलं, पांढरं, मऊ. चव बरी, पण उन्हात दोन तास राहिलं तर खाववणार नाही. मग कळलं की याचा एक जुना प्रकार मेयोनीजशिवायचा आहे. व्हिनेगर, साखर, मीठ, तेल आणि मोहरी उकळून गरम गरम कोबीवर ओतायचं. तो प्रकार फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे राहतो. नाव मूळचं डच लोकांचं. त्यांच्या भाषेत कोल म्हणजे कोबी आणि स्ला म्हणजे सॅलड. आमच्या मावशी म्हणाल्या, मग आपण 'कोबीचं आंबट-गोड' म्हणू, उगाच जीभ कशाला वळवायची. बरणीवर आम्ही तेच लिहितो. बोईसरची मुलं मात्र कोलस्लॉच म्हणतात.

व्हिनेगर आपल्या भागाला परकं नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांत सिरक्याशिवाय इंदियाल होत नाही. डहाणू-घोलवडच्या पारशी-इराणी घरांतही सिरका असतो. आणि चायनीजच्या गाडीवर हिरव्या मिरच्या घातलेली पांढऱ्या व्हिनेगरची बाटली तर आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. ताडी-माडीच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला हेही ठाऊक आहे की ताडी ठेवली की आंबते, आणि आणखी ठेवली की तिचा सिरकाच होतो. हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढे त्यावरून आमचं भांडण झालं.

पहिल्या वेळी आम्ही बावीस बरण्या केल्या. कोबी बारीक चिरला, व्हिनेगर घातलं, चाखलं तर डोळ्यांत पाणी आलं. एवढं आंबट कोण खाणार? म्हणून निम्मं पाणी घातलं. चव छान झाली. बरण्या धुतल्या, नीट वाळायची वाट न बघता भरल्या, बोईसरला नेल्या, तीन दिवसांत खपल्या. आम्ही खूश. आठव्या दिवशी फोन यायला लागले. झाकण उघडलं की फस्स आवाज येतो. वर फेस आहे. वास येतो. एकाने फोटो पाठवला, कोबी बुळबुळीत दिसत होता. त्याने सांगितलं, थोडं खाल्लं होतं, रात्रभर पोट दुखलं.

त्या फोननंतर आम्हाला झोप लागली नाही, हे खरं सांगतो. लोकांचं पोरगं घरापासून लांब राहतं, आपण विकलेलं खातं, त्याचं काही झालं असतं तर? तो मुलगा दुसऱ्या दिवशी बरा झाला. आम्ही बावीसच्या बावीस बरण्यांचे पैसे परत केले, ज्यांनी खाऊन संपवलं होतं त्यांचेही. पैसे गटाच्या शिलकीतून गेले. दोघीजणी रागावल्या, की आम्ही कोबी चिरायला होतो, पाणी घालायला नव्हतो, आमच्या बचतीतून का? त्यांचं अगदीच चुकीचं होतं असं आम्ही म्हणणार नाही. पण बरणीवर गटाचं नाव होतं.

मग आम्ही शिकायला बसलो. गावातल्या विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी तास-दीड तास घेऊन समजावलं, आणि अन्नपदार्थ करणाऱ्या बायांच्या प्रशिक्षणालाही आमच्या दोघी जाऊन आल्या. त्यातून जे डोक्यात बसलं ते असं.

कोबी टिकतो तो व्हिनेगरमधल्या आम्लामुळे. मिठाने आणि साखरेने मदत होते, फ्रीजने मदत होते, पण राखण करतं ते आम्ल. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये नियमाप्रमाणे किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल असावं लागतं. बाटलीवर बहुधा चार किंवा पाच टक्के लिहिलेलं असतं. आता त्यात निम्मं पाणी घातलं की दोन उरले. इथपर्यंत आम्हाला कळलं. पण गुरुजी म्हणाले, तुम्ही आणखी एक पाणी घातलंत आणि ते तुम्हाला दिसलंच नाही. कोणतं? तर कोबीतलं. कोबीत शेकडा नव्वदच्या वर पाणीच असतं. चिरून मीठ लावलं की ते बाहेर येतं आणि व्हिनेगर आणखी पातळ करतं. म्हणजे बरणी भरताना जे आंबट होतं ते दोन दिवसांनी तेवढं आंबट राहिलंच नव्हतं. आम्ही चाखलं पहिल्या दिवशी, आणि गिऱ्हाइकाने खाल्लं आठव्या दिवशी.

हे ऐकल्यावर आमच्या मावशींनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, अगं, कैरीला मीठ लावून पाणी काढून टाकतो की आपण, तेच इथे विसरलो.

आता करायची पद्धत सांगतो. वही घेऊन बसलेल्यांनी लिहून घ्या.

घट्ट, जड गड्डा घ्या. वरची तीन-चार पानं काढून टाका, गुरांना द्या. बाकीचा चार फोडी करून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, अळी असेल तर बाहेर येते. मग वाहत्या पाण्यात पानांच्या मधूनमधून धुवा. हे धुणं कंटाळा न करता करा, त्याचं कारण पुढे सांगतो. निथळू द्या आणि बारीक, लांब चिरा. चिरलेला कोबी एक किलो भरला पाहिजे. त्यात दोन गाजरं किसून, एक मोठा कांदा आणि एक ढोबळी मिरची उभी चिरून. सगळ्याला दोन मोठे चमचे मीठ चोळा आणि दोन तास झाकून ठेवा. मग पंचात बांधून पिळा. जोर लावून पिळा, दोघींनी दोन्हीकडून धरून पिळलं तर उत्तम. आमचं दर वेळी वाटीभर तरी पाणी निघतं. ते मोजायची आम्हाला सवयच लागली आहे. कोणाच्या हाताने जास्त निघालं यावर हसणं होतं.

रस असा. दीड कप व्हिनेगर, पाऊण कप साखर, पाव कप तेल, एक चमचा मोहरी जाडसर कुटून, आठ-दहा मिरे. पाण्याचा थेंब नाही. जास्त आंबट वाटलं तर साखर वाढवा, पाणी नाही. स्टीलच्या पातेल्यात उकळा. ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, आम्ल त्याला खातं. साखर विरघळून एक उकळी आली की झाकण ठेवून गॅस बंद करा आणि गरम असतानाच पिळलेल्या कोबीवर ओता. कोबी शिजत नाही, नुसता नरमतो, कुरकुर राहते. परदेशी कृतीत सेलरीचं बी घालतात. आम्हाला ते मिळालं नाही म्हणून एकदा ओवा घातला. सगळ्यांनी तोंड वाकडं केलं. बाळंतिणीचं वाटतंय म्हणाल्या. तेव्हा ओवा नको.

हळदही नको. का ते सांगतो. गुरुजींनी आम्हाला आम्लता बघायच्या कागदी पट्ट्या मिळवून दिल्या. पट्टी बुडवली की रंग बदलतो आणि सोबतच्या रंगाशी जुळवून आकडा वाचायचा. आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त. ४.६ च्या वर गेलं की हवाबंद बरणीत फार विषारी जंतू वाढू शकतात, म्हणून आम्ही ४ च्या खाली असल्याशिवाय बरणी बाहेर काढत नाही. पट्टी रसात बुडवून भागत नाही. एक दिवस मुरल्यावर बरणीतला कोबी काढायचा, ठेचायचा आणि त्याचं पाणी तपासायचं, कारण खायचं कोबी आहे, नुसता रस नव्हे. हळद घातली तर पट्टी पिवळी होऊन बसते, काही कळत नाही. जांभळा कोबीही याच कारणाने आम्ही घेत नाही, दिसायला कितीही छान असला तरी.

बरण्या काचेच्या. दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायच्या, स्वच्छ फडक्यावर उपड्या घालून पूर्ण वाळवायच्या. कोबी दाबून भरा, वर रस आला पाहिजे. उघडा राहिलेला कोबी आधी बिघडतो. थंड झाल्या की लगेच फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवसापासून खाता येतं, चौथ्या दिवशी चव खरी लागते. कृती सांगणारे तीन आठवडे म्हणतात. आम्ही बरणीवर पंधरा दिवस लिहितो आणि तेही 'फ्रीजमध्ये' असं ठळक. काढताना कोरडा चमचा. फेस दिसला, झाकण फुगलं, बुरशी आली, बुळबुळीत लागलं, तर चाखून बघू नका, टाकून द्या.

आता धुण्याचं कारण. प्रशिक्षणात आम्हाला कॅनडातली एक गोष्ट सांगितली. १९८१ साली तिथल्या नोव्हा स्कॉशिया भागात बाजारातल्या कोलस्लॉमधून लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ आली. एक्केचाळीसजणांना लागण झाली. त्यातल्या बहुतेक गरोदर बाया आणि नुकती जन्मलेली बाळं. कितीतरी बाळं गेली. शोध घेतला तर कोबी ज्या शेतातला होता तिथे मेंढ्यांचं कच्चं खत घातलेलं होतं, आणि तो कोबी महिनोन्‌महिने थंडीत साठवलेला होता. हा जंतू थंडीत मरत नाही, उलट हळूहळू वाढतो. म्हणजे फ्रीजमध्ये ठेवलं की झालं, असं समजणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच ती गोष्ट आहे. आपल्याकडेही शेणखत, लेंडीखत घालतातच, त्यात वाईट काही नाही, पण ते कुजलेलं असावं. आमच्या गटात आता नियम आहे. कोबी गटातल्याच शेतातला, आणि खत मुरलेलं होतं की नाही ते विचारून. आणि गरोदर बाईला आम्ही ही बरणी विकत नाही. तिला सांगतो, ताई, तुम्ही कोबी शिजवून खा, हे बाळ झाल्यावर खा. एक गिऱ्हाईक यावर चिडली होती, एवढं आहे तर विकता कशाला म्हणून. चिडू दे.

आता ते भांडण. दुसऱ्या वर्षी व्हिनेगरच्या बाटल्यांचा खर्च बघून दोन सूचना आल्या. एक, घरची ताडी आंबवून सिरका करू. मावशींचा आग्रह होता आणि त्यांच्या हातचा सिरका आहेही सुरेख, मटणाला लावला तर मटण सुधारतं. पण त्यात आम्ल किती टक्के ते कोण सांगणार? एका मडक्यातलं पाच, दुसऱ्यातलं तीन असू शकतं. आजच्या आज खायच्या पदार्थाला तो खुशाल घाला. टिकवायच्या बरणीला मापाचंच व्हिनेगर हवं. मावशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

दुसरी सूचना वाईट होती. ओळखीचा एकजण म्हणाला, मी तुम्हाला कॅनमध्ये ॲसिड आणून देतो, त्यात वीसपट पाणी घाला, तुमचं व्हिनेगर तयार, बाटलीच्या चौथ्या भागात पडेल. आपण तारापूर-बोईसरच्या शेजारी राहतो, कॅन आणि ड्रम आपल्याला नवे नाहीत. पाणी भरायलासुद्धा लोक ते ड्रम वापरतात, तेही करू नये. पण कारखान्यासाठी केलेलं ॲसिड खाण्यासाठी शुद्ध केलेलं नसतं, त्यात आणखी काय काय आहे ते कॅनवर लिहिलेलं नसतं. शिवाय ते तीव्र ॲसिड अंगावर उडालं तर कातडी जळते, आणि घरात लहान मुलं. ॲसिटिक आम्लापासून केलेलं सिंथेटिक व्हिनेगर बाजारात मिळतं, कायद्याने चालतं, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. ते खाण्याच्या दर्जाचं असतं आणि मोजलेलं असतं. कॅनवाल्याला आम्ही नाही म्हटलं. पण खोटं कशाला, पाच विरुद्ध पाच मतं पडली होती. नाही म्हणणाऱ्या बाजूला एक वाढली ती त्या वहिनींमुळे, ज्यांनी पहिल्या वर्षी त्या मुलाचा फोन घेतला होता.

हिशोब विचारतील म्हणून सांगतो. एक किलो कोबीच्या तीन बरण्या होतात. कोबी, बाकी भाजी, व्हिनेगर, साखर, तेल, गॅस आणि बरण्या धरून आम्हाला एकशे चाळीसच्या आसपास खर्च येतो. बरणी ऐंशीला जाते. शंभर रुपये सुटतात, त्यातून बोईसरचं जाणं-येणं. श्रीमंत कोणी होत नाही. पण पाच रुपयांनी जाणाऱ्या कोबीला गट आता दहा रुपये देतो, आणि तो आपल्यातलीच्या शेतातून येतो.

विकायचं असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या. लहान उद्योगाला ती सोपी आहे. आम्ही केली तेव्हा वर्षाला शंभर रुपये होते. चौदा आकडी नंबर मिळतो, तो बरणीवर छापायचा. आणि बरणीवर 'लोणचं' लिहू नका. व्हिनेगरमधल्या लोणच्याच्या रसात किमान दोन टक्के आम्ल लागतं असा नियम आहे. आपलं आंबट-गोड वाटीभर खाता यावं म्हणून त्याहून सौम्य असतं. म्हणून तर ते फ्रीजबाहेर ठेवायचं नाही. दुकानदार बरण्या बाहेर मांडून ठेवायला बघतात, दिसायला छान दिसतात म्हणून. अशा दोन दुकानांतून आम्ही माल उचलून आणला.

खायचं कशाबरोबर म्हणाल, तर तळलेल्या बोंबलाबरोबर. तांदळाची भाकरी, बोंबील आणि हे. मुलं पावात अंड्याबरोबर घालतात. मावशी वरण-भाताबरोबर खातात, आणि त्यांना वाटतं आम्हाला माहीत नाही, पण उरलेला रस त्या पितात.

एक गोष्ट अजून ठरलेली नाही. मे महिन्यात लाइट वारंवार जाते आणि गटाचा फ्रीज एकच आहे. मागच्या वर्षी एक अख्खी रात्र लाइट नव्हती, तेव्हा आम्ही सतरा बरण्या टाकून दिल्या. काहीजणी म्हणतात मार्चअखेर बंद करायचं, काहीजणी म्हणतात लग्नसराईतच मागणी असते. पुढच्या बैठकीत परत बोलू. तोवर तुमच्यापैकी कोणी घरी करून बघितलं असेल आणि शंका असेल, तर बरणी घेऊन शनिवारी दुपारी मासवणला या. पट्ट्या आमच्याकडे आहेत, तपासून देऊ. फक्त हळद घातलेली आणू नका.